डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूर ही एके काळी गिरण्यांची नगरी म्हणून प्रसिद्ध होती. पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत आणि त्यांच्या आवाजावर साऱ्या गावाची दिनचर्या चाले. अशा या कष्टाळू नगरीत १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. मिळकत थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. द्वारकानाथांना दोन भाऊ आणि पाच बहिणी होत्या. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार वाहताना वडील शांतारामपंत यांना किती ओढाताण सोसावी लागत असेल, याची कल्पना सहज करता येईल. तथापि मुलांनी शिकावे, मोठे व्हावे आणि चार लोकांच्या उपयोगी पडावे, हीच त्यांची आकांक्षा होती.

द्वारकानाथांनी वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईची वाट धरली. परळ येथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश मिळवला. पदवी संपादन केल्यावर पुढील उच्च शिक्षणाची त्यांची तयारी चालू होती. आणखी दोन-चार वर्षांत ते एक नामांकित शस्त्रवैद्य झाले असते. दवाखाना चालला असता, कुटुंबाला सुखाचे दिवस आले असते. घरच्या मंडळींनी असेच स्वप्न पाहिले असल्यास त्यात नवल ते काय? परंतु याच सुमारास दूर देशातून आलेल्या एका हाकेने त्यांच्या आयुष्याला निराळे वळण दिले.

१९३७ च्या जुलै महिन्यात जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. शहरांवर बाँबवर्षाव होऊ लागला. गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. लक्षावधी माणसे घरदार सोडून रानोमाळ भटकू लागली. जखमी सैनिकांची संख्या दिवसेंदिवस वाढत होती. परंतु त्यांच्यावर उपचार करण्यास पुरेसे डॉक्टर नव्हते, औषधेही नव्हती. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. त्या वेळी भारत स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले आणि १९३८ च्या जुलैमध्ये ‘चीन दिन’ पाळून देशभर निधी गोळा करण्यात आला. सुमारे बावीस हजार रुपये जमले. स्वतः बेडीत असलेल्या राष्ट्राने दुसऱ्या पीडित राष्ट्राकडे मदतीचा हात पुढे करावा, ही घटना खरोखरच अपूर्व होती.

या वैद्यकीय पथकासाठी पाच डॉक्टरांची निवड झाली. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. चीनविषयी त्या काळी आपल्याकडे फारच थोडी माहिती होती. आपला तरुण मुलगा युद्धाच्या वणव्यात जाणार, या विचाराने आईचे काळीज गलबलले. वडिलांनी मात्र मुलाला धीर दिला आणि संमती दिली. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने पथकाने मुंबईचा किनारा सोडला. त्या वेळी द्वारकानाथांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. मायभूमीचे हे आपले अखेरचे दर्शन आहे, हे त्यांना कोठून ठाऊक असणार!

चीनमध्ये पोहोचल्यावर पथकाने हँको आणि चुंगकिंग अशा शहरांतून जखमींच्या सेवेचे काम केले. पुढे उत्तरेकडे येनान येथे जावयाचे होते. अशा वेळी डॉ. कोटणीस यांच्यावर मोठा आघात झाला. वडील निवर्तल्याची वार्ता घरून आली. ज्यांनी पाठीवर हात ठेवून निरोप दिला, तेच आता या जगात नव्हते. मागे आई होती, धाकटी भावंडे होती, आणि घराला आधाराची नितांत गरज होती. परत जाण्यास कोणीही त्यांना दोष दिला नसता. उलट, त्यांनी घरी जावे असेच कोणीही म्हटले असते. एकीकडे पुत्रधर्म होता आणि दुसरीकडे हाती घेतलेले व्रत. मनात केवढे वादळ उठले असेल! अखेरीस त्यांनी पुढे जाण्याचा निर्णय घेतला. वडिलांनी ज्या कार्यासाठी आशीर्वाद दिला होता, ते अर्ध्यावर सोडण्यास त्यांचे मन तयार होईना. दुःख पोटात गिळून ते सहकाऱ्यांबरोबर उत्तरेच्या वाटेला लागले.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. तेथे माओ त्से-तुंग, चू तेह आदी नेत्यांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले. ‘हुआ’ म्हणजे चीन. डॉ. कोटणीस ‘को दिहुआ’ झाले. येनान हा पिवळसर मातीच्या टेकड्यांचा मुलूख. बाँबफेकीपासून संरक्षण व्हावे म्हणून तेथे टेकड्यांच्या उतारात गुहा खोदून त्यांत रुग्णालये थाटली होती. या गुहा उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहत. सोलापूरच्या चटका देणाऱ्या उन्हात वाढलेल्या द्वारकानाथांना ही सृष्टी किती निराळी वाटली असेल!

पुढे पथकातील सहकारी एकेक करून मायदेशी परतले. डॉ. कोटणीस व डॉ. बसू मात्र मागे राहिले. वुताई पर्वताच्या परिसरातील सरहद्दीवरच्या प्रदेशात प्रत्यक्ष युद्ध चालू होते. तेथे डॉक्टरांची सर्वांत अधिक गरज होती. १९३९ च्या अखेरीस येनान सोडून, शत्रूच्या ठाण्यांमधून वाट काढत, डोंगरदऱ्या ओलांडत ते तिकडे गेले.

त्या प्रदेशातील हिवाळा म्हणजे एक दुसरा शत्रूच होता. बजाजनगरच्या माळावर पौषातल्या पहाटे कामाच्या पाळीला निघालेला कामगार अंगात स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी असूनही कुडकुडतो. त्या वेळी पारा सहसा दहा अंशांच्या आसपास असतो. उत्तर चीनच्या त्या डोंगरांत तोच पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. नद्यानाले गोठून जातात. अशा थंडीत रक्तबंबाळ होऊन पडलेल्या सैनिकाची काय अवस्था होत असेल?

निरोगी माणसाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे सदतीस अंश सेल्सिअस असते. ते पस्तीस अंशांच्या खाली गेले की माणूस गारठला असे डॉक्टर समजतात. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात हायपोथर्मिया असे नाव आहे. आरंभी अंगाला जोराची कापरी भरते. कापरी ही शरीराची ऊब निर्माण करण्याची धडपडच असते. मग बोलणे अडखळू लागते, बोटे वळत नाहीत, पाऊल वेडेवाकडे पडते, बुद्धीला भ्रम होतो. शेवटी कापरी थांबते. अजाण माणसाला वाटते, बरे झाले, थंडी गेली. वस्तुतः शरीराची शक्ती संपल्याचे ते लक्षण असते आणि संकट तेथूनच गडद होते. जखमी माणसाला तर हा धोका दुप्पट असतो. रक्त गेल्यामुळे शरीराची ऊब कमी होते. आणि शरीर गारठले म्हणजे रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे जखम अधिकच वाहू लागते. थंडी आणि रक्तस्राव असे एकमेकांचे बळ वाढवीत जातात.

अशा माणसाला वाचवण्याचे शास्त्र जगाने अनुभवातून हळूहळू शिकून घेतले आहे. १८१२ साली नेपोलियनची सेना रशियातून माघार घेत असता हजारो सैनिक बर्फात मृत्युमुखी पडले. त्या सेनेचा शस्त्रवैद्य लारे याच्या ध्यानात आले की, गारठलेल्यांपैकी जे शेकोटीच्या अगदी जवळ जाऊन बसले, तेच पुष्कळदा दगावले. याचे कारण आता आपणांस कळते. अंगाला एकदम कडक शेक दिला की कातडीतील रक्तवाहिन्या फुगतात, रक्ताचा दाब उतरतो आणि हातापायांतील थंडगार रक्त हृदयाकडे धाव घेते. म्हणून गारठलेल्या माणसाला आधी वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोक्यासह सर्वांग घोंगडीत गुंडाळावे आणि अंगाखालीही जाड अंथरूण घालावे; कारण थंड जमीन ऊब शोषून घेते. हातपाय चोळू नयेत. त्याला हलवावयाचे तर हळुवारपणे, आडवे ठेवूनच हलवावे. कारण गारठलेले हृदय धक्क्याने बंद पडू शकते. माणूस पुरता शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल तरच गरम, गोड पेय द्यावे. दारू कधीही देऊ नये; तिने क्षणभर ऊब आल्याचा भास होतो, परंतु शरीरातील उष्णता उलट बाहेर निघून जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आशा लवकर सोडू नये. गारठलेल्या माणसाची नाडी व श्वास इतके मंद होतात की तो मेलासा वाटतो. परंतु शरीराला ऊब दिल्यावर असे रुग्ण जिवंत झाल्याची उदाहरणे आहेत. अशा माणसाला डॉक्टरांपर्यंत लवकरात लवकर पोहोचवणे, हे बघ्यांचे कर्तव्य होय.

ऊब, त्वरा आणि धीर ही तीन औषधे मात्र त्या डोंगरांत सहज मिळण्यासारखी नव्हती. रुग्णालयाची इमारत नसे. खेड्यातील घरांतच जखमींना ठेवावे लागे. सुदैवाने तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरांत झोपण्यासाठी विटांचा ओटा असतो. त्याला ‘कांग’ म्हणतात. चुलीचा धूर व उष्णता या ओट्याच्या पोटातून फिरवलेली असते, त्यामुळे ओटा रात्रभर उबदार राहतो. साधा शेतकऱ्याचा ओटा असा जखमी सैनिकाला जीवदान देणारी शय्या ठरे. औषधांचा तुटवडा तर नित्याचाच होता. पेनिसिलिनसारखे जंतुनाशक औषध त्या वेळी तेथे उपलब्ध नव्हते.

या प्रदेशात डॉ. कोटणीस यांच्या आधी एक थोर शस्त्रवैद्य काम करून गेला होता. त्याचे नाव डॉ. नॉर्मन बेथून. हा कॅनडाचा रहिवासी. स्पेनच्या युद्धात त्याने जखमींना रक्त पुरवणारे फिरते पथक चालवले होते. जखमी माणूस डॉक्टरकडे येण्याची वाट पाहू नये, डॉक्टरनेच जखमीकडे धाव घ्यावी, हे त्याचे ब्रीद होते. कारण पहिल्या काही तासांत उपचार झाले तर जो माणूस वाचतो, तोच दिवसभर थंडीत पडून राहिला तर हाती लागत नाही. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या लहानशा जखमेतून रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथूनचा अंत झाला. डॉ. कोटणीस यांची आणि त्याची भेट होऊ शकली नाही. परंतु बेथूनचे ब्रीद त्यांनी आपले मानले. आघाडीच्या पाठीमागे सुरक्षित अंतरावर न थांबता फिरते दवाखाने घेऊन ते लढाईच्या जवळ जाऊन पोहोचत.

१९४० साली तेथे जपानी सैन्याशी दीर्घकाळ लढाई चालली. जखमींची रीघ लागली. एकावरील शस्त्रक्रिया संपते न संपते तोच दुसरा समोर येई. दिवस मावळला, रात्र सरली, पुन्हा दिवस उगवला, तरी डॉ. कोटणीस शस्त्रक्रियेच्या टेबलापासून हलले नाहीत. सलग बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, डोळ्याला डोळा न लावता ते काम करीत राहिले. त्या लढाईच्या काळात त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. या आठशे जणांना डॉ. कोटणीस कोणत्या देशाचे, कोणत्या जातीचे, कोणत्या भाषेचे, हे विचारण्याचे कारण पडले नाही. आणि त्यांनाही समोरचा जखमी माणूस आहे, एवढेच पुरेसे होते.

१९४१ साली बेथूनच्या स्मरणार्थ चालवलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. रुग्णालयाचा व्याप सांभाळून तरुण चिनी विद्यार्थ्यांना ते वैद्यक शिकवीत. शिकवावयाचे तर त्यांच्याच भाषेत शिकवले पाहिजे, म्हणून त्यांनी अवघड चिनी भाषा बोलण्यापुरतीच नव्हे, तर लिहिण्यावाचण्याइतकी आत्मसात केली. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. एक डॉक्टर फार तर काही हजार रुग्णांना बरे करील. परंतु त्याने घडवलेले शंभर डॉक्टर लक्षावधींच्या उपयोगी पडतील, हे ते जाणून होते. सैनिकांसारखेच साधे अन्न, तसेच जाडेभरडे कपडे आणि तसेच राहणे त्यांनी पत्करले. त्यामुळे हा परदेशी डॉक्टर तेथील लोकांना परका वाटेनासा झाला.

याच रुग्णालयात क्वो चिंग-लान ही परिचारिका काम करीत होती. सेवेच्या समान ध्येयातून दोघांचा स्नेह जडला आणि १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. सेनापती नीए रोंगझेन यांनी त्याचे नाव ‘यिनहुआ’ असे सुचवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्या इवल्याशा बालकाच्या नावात दोन प्राचीन देशांचे मीलन झाले.

परंतु हे सुख फार काळ टिकावयाचे नव्हते. अतिश्रमाने डॉ. कोटणीस यांची प्रकृती ढासळली होती. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांती घ्यावी, असे त्यांच्या प्रकृतीचे सांगणे होते. ती घेतली असती तर कदाचित आयुष्याची दोरी लांबली असती. तथापि दारात जखमी असताना स्वतःच्या दुखण्याकडे पाहणे त्यांना जमले नाही. अखेर झटक्यांमागून झटके येऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी या थोर पुरुषाची प्राणज्योत मालवली. मुलगा अवघ्या साडेतीन महिन्यांचा होता आणि त्यांचे स्वतःचे वय बत्तीस वर्षांचे. सोलापुरातील आईला मुलाचे अंत्यदर्शनही घडले नाही, आणि नातवाला मांडीवर घेण्याचे सुखही त्या वेळी लाभले नाही. सेवेचे मोल केवळ सेवकच देत नाही, त्याच्या घरची माणसेही ते देतात, हे आपण विसरता कामा नये.

डॉ. कोटणीस यांचे पार्थिव प्रथम नानछुआन गावी पुरण्यात आले. पुढे शिज्याझ्वांग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात, जेथे डॉ. बेथून यांचे स्मारक आहे, तेथेच त्यांचेही स्मारक व पुतळा उभारण्यात आला. इकडे भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्या कार्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या आधारे १९४६ साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढून ही कथा घरोघरी पोहोचवली. दोन्ही देशांनी त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकिटे काढली. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घराचेही स्मारक झाले आहे. १९६२ साली भारत व चीन यांच्यात युद्ध झाले आणि मैत्रीत मोठे अंतर पडले. तरीही भारतात आलेले अनेक चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आदराने भेटत राहिले. राज्यकर्त्यांची भांडणे होतात आणि मिटतात. माणसाने माणसासाठी केलेली सेवा मात्र विस्मरणात जात नाही.

मुलांनो, डॉ. कोटणीस यांनी कोणताही मुलूख जिंकला नाही, धनही मिळवले नाही. परक्या देशाच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात, अपुऱ्या औषधांनिशी, मरणाच्या दारात पडलेल्या माणसांना त्यांनी परत आणले. तुमच्यापैकी प्रत्येकाला डॉक्टर होता येईल असे नाही, आणि रणांगणावर जाण्याचा प्रसंग तर कोणावरही न येवो. परंतु थंडीत रस्त्याच्या कडेला कुडकुडत पडलेला एखादा वृद्ध, पुरात भिजून गारठलेले एखादे मूल किंवा अपघातात जखमी झालेला एखादा वाटसरू तुमच्या दृष्टीस पडल्यावाचून राहणार नाही. त्या वेळी तो कोण, कुठला, आपला की परका, असा विचार न करता त्याच्या अंगावर घोंगडी घाला, मोठ्या माणसांना हाक मारा आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. कोटणीसांना तीन दिवस आणि तीन रात्री जागे ठेवणारी जी शक्ती होती, तिचा आरंभ अशाच लहानशा कृतीतून होत असतो.